जावईबापूंची चिप

घनश्यामभाऊंच्या मुलाच्या वरातीसाठी जावईबापूंनी आपल्या छोट्या एसयूव्हीच्या इंजिनाला नागपुरातून पॉवर वाढवायची चिप बसवून आणली. “मामाजी, गाडी आता वाऱ्यासारखी पयते!” भाऊंनी कपाळाला हात लावला. वरातीच्या गाडीला बँडवाल्यांमागं मुंगीच्या पावलानं सरकायचं असतं, हे या शहाण्याला कोण सांगणार? जावयाला बोलायची सोय नाही. कुरखेड्यात वरात निघाली. ॲक्सिलरेटरला पाय टेकला की गाडी उसळे आणि ढोलवाला जीव घेऊन पळे. मे महिन्याच्या उन्हात इंजिन उकळून गाडी चौकातच बंद पडली. मुहूर्त टळू लागला. फेटा सावरत भाऊच गाडी ढकलू लागले. खिडकीतून जावईबापू ओरडले, “मामाजी, जोर लावा नं!” भाऊंनी शिवी गिळली. जावयाशेजारची लेक मात्र कडाडली, “माह्या बापाले काऊन राबवता? उतरा खाली, लावा तुमची पॉवर!” जावईबापू उतरले, तसं भाऊंनी त्यांना गाडीमागं ढकलायला मानानं मधली जागा दिली.