कचेरीत उघडणारा खण

अपघातानंतर अंथरुणाला खिळलेल्या सुमेधाताईंच्या पलंगाशी आज नवा खण बसला होता. त्याचं आतलं तोंड थेट कऱ्हाडच्या कचेरीतल्या फायलींच्या कपाटात उघडणार होतं. चाचणी जमली, तर उद्यापासून घरूनच काम. फसली, तर नोकरीवर पाणी.

सकाळपासून त्यांना धीर निघत नव्हता. तरी नवी वस्तू म्हटल्यावर “आधी पूजा!” असं त्यांनी नवऱ्याला बजावलंच. माधवरावांनी खणाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, उदबत्ती ओवाळली आणि खण उघडला. धूर वर जायचा सोडून सरळ खणात शिरला.

तेवढ्यात कचेरीतून फोनवर अवताडेसाहेब कडाडले, “बोरकरबाई, कपाटातून धूर येतोय! फायली पेटल्या की काय?”

सुमेधाताई घाईघाईनं म्हणाल्या, “नाही साहेब, ती... आमची उदबत्ती आहे. इथली. घरची!”

“म्हणजे चाचणी जमली!” साहेब ओरडले. मग पलीकडे अख्ख्या कचेरीनं टाळ्यांचा कडकडाट केला. सुमेधाताईंचे डोळे भरून आले.

खणातून साहेबांचा हात बाहेर आला. त्यात फाइल नव्हती. तळहात खोलगट करून त्यांनी पुढे धरला होता.

“काम उद्यापासून, बाई,” फोनवर आवाज आला. “आधी प्रसाद द्या.”