बेस गाडी

“बोला, बेस पाहिजे की टॉप?” तालुक्याच्या ऑफिसातून आलेल्या साहेबांनी विचारलं.

भगवानराव उभा राहिला. ग्रामपंचायतीच्या ओसरीत सगळं गाव जमलं होतं, पण गाडीसाठी सात अर्ज त्यानेच केले होते. गेल्या हंगामात कपाशीवर बोंडअळी पडली. फवारणीवर फवारणी झाली. पंपात औषध-पाणी भरता भरता त्याची बायको सोनीबाई औषधाचं विष भिनून वावरातच कोसळली. अँब्युलन्स नाल्याच्या पलीकडे येऊन थांबली. काळ्या चिखलातून बैलगाडीने नाल्यापर्यंत जायला दोन तास लागले. वाटेत त्याने विचारलं, “कसं वाटते?” ती म्हणाली, “बेस वाटून राह्यलं.” नाला आला तेव्हा ती गेलेली होती.

आता चिखलात चालणारी गाडी मंजूर झाली होती. जीपपेक्षा लहान, उघडी, मोठ्या चाकांची, दोघं शेजारी-शेजारी बसतील अशी. तिचे सगळे कागद इंग्रजीत होते.

“दोन गाड्या आहेत,” साहेब म्हणाले. “एक बेस, एक टॉप. एक गावाला, एक ऑफिसला. पहिली निवड गावाची. लोकशाही आहे.”

“आमाले बेसच पाह्यजे, साहेब,” भगवानराव म्हणाला. “आजपर्यंत बेस काही भेटलंच नाही. एकदा तरी बेस द्या.”

मागून मानीबाई ओरडली, “अन् बेस म्हंजे एकदम बेस!”

साहेब शहरातल्या इंग्रजी शाळेत शिकलेले. त्यांचे डोळे पाणावले. एवढा साधेपणा त्यांनी कुठे पाहिला नव्हता. क्लार्क नीळकंठ मात्र यवतमाळचाच. त्याच्या घरी भाजी रोज बेस होत होती. त्याने पेन उचललं, साहेबांच्या भरून आलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बेसच्या रकान्यात खूण केली. साहेब भरून आलेले असताना मधे बोलायची त्याला सवय नव्हती.

मृगाच्या आधी गाडी आली. हार घालून, नारळ फोडून झाल्यावर भगवानराव तिच्याभोवती दोनदा फिरला. दोन सीटा. वर छत नाही. मागे कुदळ-फावडं राहील एवढी जागा.

“साहेब, पेशंटले आडवं कुठं टाकाचं?”

“ती सोय टॉपला. मागे लांब फळी, वर छत, पुढे विंच. गाडी चिखलात फसली की विंचचा दोर झाडाला बांधायचा, गाडी स्वतःला ओढून घेते. पण तुम्हीच बेस मागितली ना.”

गाडी घेऊन आलेला आर्णीचा मेकॅनिक हबीब सगळं ऐकत होता. त्याने भगवानरावाला बाजूला घेतलं.

“भाऊ, ते बेस म्हंजे आपलं बेस नाही. कंपनीवाले सगळ्यात साध्या गाडीले बेस म्हणते.”

“मंग चांगल्या गाडीले काय म्हणते?”

“टॉप.”

“मले वाटलं टॉप म्हंजे वरचं छप्पर. नुसतं छप्पर कायले मागू?”

टॉप ऑफिसला गेली. ऑफिस डांबरी रस्त्यावर आहे.

साहेबांनी रजिस्टर पुढे केलं. अभिप्रायाच्या रकान्यात भगवानरावाने पुष्कळ विचार करून सावकाश लिहिलं : गाडी बेस नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब आणि नीळकंठ नाला पायी ओलांडून गावात आले. नीळकंठने पत्र वाचलं : “आपणांस मिळालेली गाडी बेस नसल्याचे आपण लेखी कळविले आहे. सबब ती टॉप असून चुकीने गावास गेल्याचे निष्पन्न होत आहे. तरी ती त्वरित परत करावी.” ऑफिसातली गाडी अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलीच होती. ते काढून पाहायला वरून मंजुरी लागत होती.

“साहेब, ही गेली अन् उद्या वावरात कोणी पडलं तं?” भगवानराव म्हणाला. त्या पावसाळ्यात फवारणी करताना दोघं पडले होते. दोघांनाही त्याने याच गाडीच्या सीटवर बसवून लुगड्याने बांधलं होतं आणि नाल्यापर्यंत पोहोचवलं होतं. दोघंही जगले होते.

“मग बेससाठी नव्याने अर्ज करा,” साहेब म्हणाले. “आठवा अर्ज.”

साहेब सीटवर बसले. नीळकंठने गाडी हाती घेतली. आजवर त्याने फक्त फायली पुढे चालवल्या होत्या. नाल्याच्या उतारावर चारही चाकं काळ्या मातीत गेली. त्याने जोर दिला तशी आणखी खाली गेली.

“विंच लावा!” साहेब ओरडले.

“विंच नाही, साहेब.”

“कशी नाही? ही टॉप आहे.”

“कागदावर आहे, साहेब.”

साहेब खाली उतरले. गुडघ्यापर्यंत गेले. एक बूट मातीने ठेवून घेतला. मग त्यांनी गावाकडे तोंड करून हाक मारली.

भगवानराव बैलजोडी घेऊन आला. शिंगांवर पोळ्याचा रंग अजून ताजा होता. बैल तेच होते, सोनीबाईला नाल्यापर्यंत नेणारे. तो वाकला आणि गाडीला दोर बांधू लागला.

साहेबांना राहवेना. “भगवानराव, ओढतील ना? कसे आहेत बैल?”

“बेस हायेत,” भगवानराव बोलून गेला. मग त्याची नजर नीळकंठच्या खिशातल्या पेनाकडे गेली. त्याने दोर खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले.

“पण हे लिहून घेऊ नका, साहेब.”