घरजावयाचा सौदा

नव्यानंच आलेल्या डच व्यापाऱ्याला नदीकाठचं मक्याचं शेत विकून तेहारोन तांब्याचं पातेलं घेऊन घरी आला, तर सासू दारातच उभी. अमेरिकेतल्या मोहॉक आदिवासींच्या गावात घर बायकांचं आणि शेतही बायकांचंच. सासूचं डोकं फिरलं, की जावयाचं गाठोडं थेट अंगणात.

"काय हो जावईबापू, शेत विकलंत म्हणे?"

"हो, सासूबाई."

"कुणाचं होतं?"

"तुमचं."

"मग त्याला सांगायला काय झालं होतं?"

"त्यानं विचारलंच नाही. त्यांच्यात म्हणे शेत पुरुषांचं असतं. इतका खूश होता बिचारा, म्हटलं कशाला हिरमोड करा!"

सासूनं पातेल्यावर टिचकी मारून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. तेहारोननं कोपऱ्यातल्या आपल्या गाठोड्याकडे हळूच नजर टाकली.

सासूनं पातेलं आत नेऊन चुलीवरच्या दांडीला अडकवलं. तिथं तसलीच तीन पातेली आधीपासून लटकत होती.

"तुमच्या तिन्ही साडूंनीही आधीच्या व्यापाऱ्यांना तेच शेत विकून पातेलीच आणली," ती करवादली. "तुम्ही तरी घोंगडी मागायचीत!"