उजळलेल्या गाठी

डॉक्टरीणबाईंनी दोघी बहिणींचे स्कॅन स्क्रीनवर शेजारीशेजारी लावले. डावीकडे ताई, उजवीकडे धाकटी. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन ओकणाऱ्या गाठी दोघींनाही वडिलांकडून आलेल्या. चालता-बोलता साखर उतरून कोसळणंही दोघींच्या अंगवळणी पडलेलं. पण स्क्रीनवर ताईच्या पोटात केशरी ठिणग्या पेटल्या होत्या. धाकटीचं पोट नुसतंच राखाडी.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे माझ्या गाठी गेल्या?"

"नाही हो. गाठी आहेत. साध्या सीटीत स्वच्छ दिसतायत. पण या स्कॅनआधी आपण टोचलेलं औषध त्यांना चिकटलंच नाही." बाईंनी ताईच्या ठिणग्यांवर बोट ठेवलं. "हे जिथे चिकटतं तिथेच उपचाराचं किरणोत्सारी औषध चिकटतं आणि गाठीला आतून जाळतं. ताईंना ते देता येईल. तुम्हाला केमो सुरू करू."

ताईने तिचा हात धरला. पर्स सावरायचं निमित्त करून धाकटीने तो सोडवून घेतला.

लहानपणापासून हेच. रंग ताईचा, गळा ताईचा. पाहुण्यांनी ताईचं तोंडभर कौतुक केलं, की आई घाईघाईने म्हणायची, "आमची ही पण हुशार आहे हं!" आता मेल्या गाठीसुद्धा ताईच्याच उजळ निघाव्यात? या विचाराची धाकटीला लाज वाटली. पण तो काही हलेना.

ताईच्या उपचाराच्या दिवशी सोबतीला मात्र तीच आली. दुसरं होतं कोण? एव्हाना तिची केमो सुरू झाली होती. तोंडाला चव नव्हती, केस विंचरायची भीती वाटत होती. शिशाच्या जाड डब्यातून औषध आलं. दिसायला अगदी पाण्यासारखं. थेंब थेंब ते ताईच्या शिरेत उतरत राहिलं आणि धाकटी दाराच्या काचेतून प्रत्येक थेंबाकडे टक लावून बघत राहिली.

सलाईन संपल्यावर नर्सने तिला आत घेतलं. "जमिनीवरच्या त्या पिवळ्या पट्टीच्या अलीकडेच बसा. त्यांच्या अंगातून आता किरण बाहेर पडतायत."

धाकटी खुर्चीत बसली. ताईने मान तिच्याकडे वळवली.

"चिमे, रागावलीस का गं माझ्यावर?"

"नाही. जळतेय."

ताईला आधी हसू फुटलं, मग डोळे भरून आले. "देता आलं असतं ना, तर अर्धं दिलं असतं गं तुला."

"तू काय देणार! तुझे आखूड झालेले फ्रॉक तेवढे दिलेस जन्मभर."

कूस बदलून ताईने भिंतीकडे तोंड केलं. तिची पाठ हलत होती.

धाकटी उठली. खुर्ची उचलून तिने पिवळ्या पट्टीपलीकडे नेली, पलंगाला भिडवली आणि पुढे सरकून बसली. इतकी पुढे, की पलंगाचा लोखंडी कठडा तिच्या पोटात रुतला.

"अहो, काय करताय?" नर्स दारातूनच ओरडली. "मागे व्हा! तुम्हालाही लागतील ते किरण!"

"लागू देत," धाकटी म्हणाली.