पात्याचा कोन

आईची धाप वाढली, तसं थोरल्याने ट्रॅक्टरच्या मागे बर्फ सारायचं पातं बसवून घेतलं. "अ‍ॅम्ब्युलन्स कधी बोलवावी लागेल, नेम नाही," असं तो सगळ्यांना सांगायचा. आई एक महिना त्याच्याकडे आणि एक महिना समोरच्या घरात धाकट्याकडे राहायची. दर एक तारखेला पिशवी उचलून म्हणायची, "चला, माझी बदली झाली."

भावाभावांचं बोलणं वर्षभर बंद होतं. थोरल्याने पातं तीस अंश तिरकं लावलं, म्हणजे गल्लीतला सगळा बर्फ धाकट्याच्या फाटकापाशी बांधासारखा साचायचा.

"अहो, सरळ लावा की," बायको म्हणाली. "बर्फ टोकाला जाईल. भाऊजींनी रोज किती उपसायचं?"

"मग माझ्या चार फेऱ्या वाढतात. त्याच्याकडे फावडं आहे ना?"

"एक पिन काढून घालायची. दोन मिनिटांचं काम आहे."

"तुला दिराचा फारच पुळका!"

त्या दिवशीही त्याने पहाटेच गल्ली साफ केली. तासाभरात अ‍ॅम्ब्युलन्स आली आणि कुठेही न अडता थेट त्याच्या दारात उभी राहिली. ड्रायव्हर उतरता उतरता म्हणाला, "रस्ता काय छान ठेवलाय तुम्ही! पेशंट कुठे आहे?"



काल एक तारीख होती, आणि आई कंबरेएवढ्या बांधाच्या पलीकडे होती.