पोपटीचा मान

सव्वीस जानेवारीच्या जोडसुट्टीला मोरेश्वरने पुण्याचे मित्र आणि सासरची मंडळी अलिबागला पोपटीसाठी बोलावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, कोंबडी, सगळं बायकोने भरलं. पण मडकं उपडं घालून पेंढा पेटवायचा मान त्याने स्वतःकडे घेतला, कारण सासरे त्याला आजवर बिनकामाचा समजत आले होते.

जाळ भडकला. सासऱ्यांनी डोळे मिटून हुंगलं. “वाहवा! कोंबडी शिजत आली बघा. पोपटी लावायला हात लागतो, जावईबापू!”

मोरेश्वरची छाती फुगली. तेवढ्यात बायको घरातून जड मडकं कमरेवर घेऊन आली.

“अहो, भरलेलं हे घरातच राहिलं! मग जाळात काय घातलंत?”

“त्यातही पाला होता की गं...”

“उरलेला पाला कोंबलाय मी त्यात!”

मित्र हसून गडबडा लोळले. मोरेश्वरने भीतभीतच सासऱ्यांकडे पाहिलं. ते गंभीरपणे उठले, पेंढ्याचा भारा उचलून त्याच्याजवळ आले आणि कानाशी पुटपुटले, “चला, दुसरी लावू. आणि कोंबडीच्या वासाचं कुणी विचारलंच, तर आपल्या दोघांनाही सर्दी झालीय.”