जुन्या जोडीवर नवी

"जुनी जोडी?" कमलाकरने मान वर न करताच विचारलं.

राळेगावच्या त्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या स्टोअरचा तसा नियमच होता. जुने हातमोजे गेटबाहेर उघडणाऱ्या खिडकीत ठेवायचे, मगच नवे मिळायचे. कमलाकरने स्टोअर हाती घेतल्यापासून ऐन सीझनमध्येही हातमोजे कधी कमी पडले नव्हते. मालक आल्यागेल्याला हे कौतुकाने सांगत.

खिडकीत एकच मोजा पडला. डावा. कमलाकरने वर पाहिलं. डोमाजी उभा होता. शर्टाच्या उजव्या बाहीला मनगटापाशी गाठ मारलेली.

दिवाळीच्या आठवड्यात याच डोमाजीने याच खिडकीत फाटकी जोडी ठेवली होती. "आठ दिवस काढ अजून हिच्यावर," म्हणून कमलाकरने ती परत केली. दोनच दिवसांनी फाटक्या बोटाचा धागा मशीनच्या पट्ट्यात अडकला आणि मोज्याबरोबर हातही गेला.

"मालकानं आजपासून बलावलं जी," डोमाजी म्हणाला. "आवारात सांडलेला कापूस उचलाचा. पण धड मोज्यांबिगर गेटवाला आत सोडून नाही राह्यला. नवा नियम हाय म्हणे. आज नाही गेलो तं मालक दुसरा माणूस ठेवते."

नियम डोमाजीच्या अपघातानंतरच झाला होता. हे दोघांनाही ठाऊक होतं.

कमलाकरला काहीतरी बोलायचं होतं. माफी मागावी, निदान बस तरी म्हणावं. पण आत काहीच हलेना. मेल्यासारखं झालं होतं मन. सवयीने तोंडातून निघालं ते एवढंच, "आणि दुसरा?"

"तो हातासंगच गेला जी."

घरातली साखर संपली असं सांगावं, तसं डोमाजीने सांगितलं. आवाजात राग नव्हता. असता तर कमलाकरला बरं वाटलं असतं.

तो उठला. कपाट मोज्यांनी गच्च भरलेलं होतं. वरची जोडी काढून त्याने खिडकीत ठेवली.

डोमाजीने डावा मोजा दातांत धरला आणि हळूहळू पंजा आत सारला. बराच वेळ लागला. कमलाकर नुसता बघत राहिला. मदत करायचंही त्याला सुचलं नाही.

मग डोमाजीने उजवा मोजा खिडकीतून आत सरकवला.

"हा ठेवून घ्या जी. कमी पडाले नको."